‘कन्यादान’ : निवडीचे स्वातंत्र्य आणि दानाचा अधिकार

विजय तेंडुलकरांच्या ‘कन्यादान’ (१९८३) या नाटकाची चर्चा प्रामुख्याने दलित-सवर्ण संबंधांच्या अंगाने झाली. त्यामुळे त्यातील निवडस्वातंत्र्याचा प्रश्न काहीसा दुर्लक्षित राहिला. ज्योती देवळालीकर अरुण आठवलेला स्वतः निवडते. तिला कोणी देत नाही. मग शीर्षकात ‘दान’ कशासाठी? नाटकाचे मर्म या विसंगतीतच आहे.

समाजवादी आमदार नाथ मुलीच्या निर्णयात जातिनिर्मूलनाच्या आपल्या स्वप्नाची पूर्ती पाहतात. सेवेच्या शंका मुलीच्या संसाराविषयी असतात. नाथांचा उत्साह तत्त्वाविषयी. तत्त्वासाठी स्वतःचे आयुष्य पणाला लावण्याचा अधिकार व्यक्तीला आहे. दुसऱ्याच्या आयुष्याकडे त्या तत्त्वाचा प्रयोग म्हणून पाहण्याचा नाही. येथे ज्योतीची संमती आहे हे खरे. परंतु ती संमतीही नाथांच्याच संस्कारांतून घडली आहे. मारहाण सोसूनही ज्योती अखेरीस वडिलांना दूर सारून अरुणकडे परतते. हे स्वातंत्र्य मानावे की संस्कारांची सक्ती? तेंडुलकर हा प्रश्न खुला ठेवतात, हे उचितच.

उणीव आहे ती अरुणच्या चित्रणात. त्याच्या हिंसेमागची जातीय वेदना नाटक दाखवते, त्याचा पश्चात्तापही दाखवते; परंतु हिंसा ही त्याचीही निवड आहे, या जाणिवेच्या तळाशी ते जात नाही. ज्याला जबाबदार मानले जात नाही, त्याला स्वतंत्रही मानलेले नसते. नाथांच्या उदारतेतील हा दोष काही अंशी नाटकातही उतरला आहे.