चित्रांतील सूत्रधार

इ. स. १८४३ मध्यें सांगली येथें चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानें विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलें. त्या काळच्या पौराणिक खेळांत गणपति येई, सरस्वती येई, विदूषक हसवून जाई आणि मग देवदानवांची एकच गर्दी उसळे. इतक्या गर्दींत प्रेक्षकानें नेमकें पाहावें कोणाकडे? भावे यांच्या खेळांत त्याची सोय होती. सूत्रधार बाजूस उभा राहून कथा पद्यांत गाई, आणि ज्याची पाळी असे त्याच्याकडे सभेचे डोळे आपोआप वळत. ग्रंथांतील कथाचित्राला असा सूत्रधार नसतो. त्याला चित्राच्या आंतच लपवून ठेवावें लागतें. आणि तो लपवितां येणें हीच, आमच्या मतें, कथाचित्रकाराची खरी परीक्षा होय.

ही परीक्षा आज आम्ही औंधच्या चित्रांना लावूं इच्छितों. औंधचे अधिपति भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) यांच्या चित्रकलेविषयीं दोनच प्रकारचें बोलणें आमच्या कानांवर येतें: एक राजाची स्तुति, दुसरें ‘हौशी’ म्हणून केलेली उपेक्षा. दोन्ही प्रकार आम्हांस अन्यायाचे वाटतात. १९१६ सालीं ‘चित्ररामायण’ प्रसिद्ध करणारा आणि पुढें भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सित महाभारतासाठीं चित्रें देणारा हा पदवीधर राजा हौसेच्या पलीकडे खास गेला होता. हीं चित्रें प्राचीन नमुन्यांवरून काढलीं आहेत, असा उल्लेख त्या महाभारताच्या शीर्षकपृष्ठावरच आहे. देवांच्या अंगावर पेशवाई अंगरखा आणि देवींच्या अंगावर नऊवारी लुगडें पाहण्यास सरावलेल्या लोकांपुढें लेण्यांतील पोशाख ठेवणें हें धाडसाचेंच काम होतें.

परंतु पोशाखाची जेवढी चिंता वाहिली गेली, तेवढी पाहणाऱ्याच्या दृष्टीची वाहिली गेली नाहीं. ‘चित्ररामायणां’तील पुष्कळ चित्रांत मनुष्यें आणि त्यांच्या भोवतालचें साहित्य यांना सारखाच उजेड आणि सारखीच मेहनत लाभली आहे, असें आम्हांस वाटतें. डोळा परक्या घरीं गेलेल्या पाहुण्यासारखा दारांतच घुटमळतो. ‘या, इकडे बसा’ असें त्याला कोणीच म्हणत नाहीं.

वाचकांनीं घरीं एक प्रयोग करून पाहावा. चित्रांतील मुख्य व्यक्ति तळहातानें झांकावी. उरलेलें चित्र जर त्या झांकलेल्या जागेकडेच बोट दाखवीत असेल, तर रचना साधली असें समजावें. मिलान येथील लिओनार्दोच्या ‘अखेरचें भोजन’ या भित्तिचित्रांत ख्रिस्ताची आकृति झांकली तरी छताच्या रेघा त्याच्या मस्तकाकडेच धांवतात, आणि मागची उजळ खिडकी त्याची जागा राखून बसते.

याहून अवघड प्रसंग आपल्या रामायणांतच आहे. अशोकवनांत मारुति सीतेला रामाची मुद्रिका देतो. सबंध प्रसंगांत सर्वांत महत्त्वाची वस्तु ती, आणि सर्वांत लहानही तीच! चित्रकारानें ती मोठी काढली तर कडें होईल. बेताची काढली तर पानाफुलांत हरवेल. उपाय एवढाच कीं सीतेची मान, मारुतीचा पुढें आलेला हात आणि झाडाची झुकलेली फांदी या तिघांनीं मिळून त्या ठिपक्याकडे वाट काढावी, आणि त्याच्याभोंवतीं बोटभर जागा मोकळी सोडावी. त्या मोकळ्या जागेचाच मोह आवरत नाहीं. हात लगेच तेथें वेल काढूं लागतो. बाळासाहेब स्वतः कीर्तनकार होते. कथा रंगांत आली असतां अशोकवनांतील वृक्षांची यादी देत बसूं नये, हें त्यांना कोणी सांगावयास हवें होतें थोडेंच?

अजिंठ्यावर तर त्यांनीं स्वतंत्र पुस्तक लिहिलें. तेथील सतराव्या लेण्यांत भिक्षापात्र घेतलेल्या बुद्धापुढें एक माता आपल्या बालकास घेऊन उभी आहे. यशोधरा व राहुल अशी त्यांची ओळख सामान्यतः सांगतात. बुद्धाची आकृति त्या दोघांच्या कितीतरी पट उंच आहे. मातेच्या अंगावर अलंकार आहेत, तरी आपला डोळा त्यांत गुंतत नाहीं, कारण तिचें मुख वर वळलेलें आहे आणि मुलाचेंही. आपण त्या लहानग्यापासून निघतों आणि त्याच्याच नजरेनें वर चढतों. अजिंठ्याहून औंधास मुकुट आले, वस्त्रें आलीं; ही नजर मात्र पुरती आली नाहीं.

महाभारताच्या चित्रांविषयीं आमची तक्रार सौम्य आहे. तो ग्रंथ विद्वानांचा. तेथें चित्र हें पोशाखाविषयींची टीपच होय, आणि टिपेंत कोणताही तपशील मागें ठेवून चालत नाहीं. ‘चित्ररामायणा’सारखें पुस्तक मात्र घरांत मुलांच्या हातीं जाण्याचें. पिंगुळीचे चित्रकथी चित्र समोर धरून कथा गातात, तेव्हां गाणाराच सूत्रधार होतो. घरीं तें काम आजीचें बोट करी. मूल एकटेंच पानें उलटूं लागलें म्हणजे चित्रकाराचा हलगर्जीपणा उघडा पडतो.

गंमत अशी कीं याच राजाच्या संस्थानांत याच्या अगदीं उलट शाळा निघाली. त्यानें दिलेल्या जागेवर १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली. आज औंध सातारा जिल्ह्यांत आणि वाडी सांगली जिल्ह्यांत मोडते. तेथून १९२० पासून ‘किर्लोस्कर खबर’ निघूं लागली, आणि तिचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः व्यंगचित्रें काढीत. व्यंगचित्राला उसंत नसते. वाचकाची नजर पहिल्या क्षणीं मर्मावर पडली नाहीं, तर विनोद मेलाच! म्हणून तेथें चार रेघा, एक नाक, आणि बाकी कोरा कागद. त्या कोऱ्या कागदाची थोडी उसनवारी वाडीहून औंधास झाली असती, तर आम्हांस फार हवें होतें.

औंधास यमाईच्या डोंगराच्या वाटेवर बाळासाहेबांनीं १९३८ सालीं श्रीभवानी संग्रहालय उभारलें. तेथें इतर चित्रकारांचीं चित्रेंही आहेत. वरील प्रयोग तेथें अवश्य करावा; चित्रास हात लावावयाचा नाहीं, पण आपल्या डोळ्यापुढें तळहात धरावयास हरकत नाहीं.