आठवणीतला शेजार : डब्लिनच्या कामगार वस्तीच्या निमित्ताने

गरिबांच्या वस्तीच्या आठवणींत एक वाक्य हटकून येते : आम्ही गरीब होतो, पण सुखी होतो, कुणाचे दार कुणाला बंद नव्हते. वस्तीतला माणूस हे म्हणतो तेव्हा त्यामागे त्याचा स्वाभिमान असतो. परंतु हेच वाक्य सुखवस्तू वाचकाच्या हाती पडले की त्याचा अर्थ बदलतो. गरिबीतही माणसे आनंदात राहतात, मग तिच्याविषयी एवढा आक्रोश कशासाठी, असे त्याला वाटू लागते. आयर्लंडमधील डब्लिन शहराच्या जुन्या कामगार वस्त्यांविषयीचे स्मृतिवाङ्मय वाचताना ही गोष्ट मला सारखी टोचत राहिली.

या वाङ्मयात केव्हिन कर्न्स या अमेरिकन प्राध्यापकाच्या ‘डब्लिन टेनेमेंट लाइफ’ (१९९४) या ग्रंथाचे स्थान मोठे आहे. या वस्त्यांत वाढलेल्या वृद्ध स्त्रीपुरुषांना बोलते करून त्याने त्यांच्या तोंडून तेथील जीवन नोंदवले. ज्यांना इतिहासाने कधी काही विचारले नव्हते, त्यांना साक्षीदार म्हणून उभे करणे हे लहान काम नव्हे. ते प्रथम मान्य केले पाहिजे. मात्र साक्ष मिळाली म्हणजे निवाडा झाला असे होत नाही. साक्ष तपासण्याची जबाबदारी वाचकावर व समीक्षकावर येते.

प्रथम वास्तव पाहू. डब्लिनचे टेनेमेंट म्हणजे मुळात सरदार-जमीनदारांचे वाडे. १८०१ पासून आयर्लंडचे वेगळे पार्लमेंट संपले. बड्या लोकांनी हळूहळू लंडनची वाट धरली आणि त्यांच्या वाड्यांतील दालनांच्या खोल्या पाडून त्या मजुरांना भाड्याने देण्यात आल्या. हेन्रिएटा स्ट्रीटवरील १४ क्रमांकाच्या एकाच घरात १९११ साली १०० माणसे राहत होती. आज तेथे संग्रहालय आहे. २ सप्टेंबर १९१३ रोजी चर्च स्ट्रीटवरील दोन घरे कोसळून ७ माणसे ठार झाली, तेव्हा कुठे सरकारला चौकशी नेमावीशी वाटली. १९१४ च्या त्या चौकशीत २०,१०८ कुटुंबे एकेका खोलीत राहत असल्याचे आढळले. ही घरे भाड्याने देणाऱ्यांत नगरपालिकेचे सभासदही होते. म्हणजे घर पडू नये हे पाहण्याचे काम ज्यांचे, त्यांच्यापैकीच काही जण पडक्या घरांचे भाडे खात होते.

या परिस्थितीत शेजार घट्ट झाला, यात नवल काय? गोदीवर रोज सकाळी मुकादमासमोर उभे राहायचे. नाव पुकारले तर काम, नाही तर रिकाम्या हाताने परत. सोमवारी नवऱ्याचा चांगला सूट गहाण टाकायचा, शनिवारी सोडवायचा, रविवारी तो घालून त्याने चर्चला जायचे. बाळंतपणाला डॉक्टर परवडत नसे. शेजारची जाणती बाई धावून येई, आणि घरात कुणी मेले तर प्रेताला अखेरची आंघोळही तीच घाली. चहासाखर, कोळसा, आजाऱ्यासाठी रश्शाची वाटी या दारातून त्या दारात जात असे. सरकार ज्याला विमा, दवाखाना, निवृत्तिवेतन म्हणते, ते सारे या बायका आपल्या पदरचे घालून चालवीत होत्या. या शेजाराचे श्रेय गरिबीला देणे म्हणजे पुराचे कौतुक करून पोहणाऱ्याला विसरणे होय. श्रेय माणसांचे आहे, आणि त्यातही स्त्रियांचे अधिक. १९१३ साली मालकांनी संघटनेत जाणाऱ्या कामगारांवर टाळेबंदी लादली. ती जिम लार्किनच्या या कामगारांनी १९१४ च्या प्रारंभापर्यंत, उपाशीपोटी का होईना, झुंजवली. त्या झुंजीमागेही हाच शेजार होता.

पुढे सरकारने लोकांना क्रमलिन, कॅब्रा अशा नव्या उपनगरांत हलवले. १९६० च्या दशकात बालीमन येथे ७ उंच मनोरे उभारले आणि त्यांना १९१६ च्या उठावातील हुतात्म्यांची नावे दिली. २०१५ पर्यंत हे मनोरे पाडूनही झाले. लोकांना नळ मिळाला, शौचकूप मिळाला, पण जिना उतरताच भेटणारी माणसे गेली. म्हणून टेनेमेंटविषयीची हळहळ हा निव्वळ भाबडेपणा आहे असे मी म्हणणार नाही. त्यात एक रास्त तक्रार आहे : आम्हाला घर देताना आमचे गणगोत कुणी हिशेबात धरले नाही. झोपडपट्टी उठवून माणसांना दूरच्या इमारतींत टाकणाऱ्या आपल्याकडील योजनांनाही ही तक्रार लागू पडते.

या गोड आठवणीला छेद देणारे लेखन झालेच नाही असे नाही. फ्रँक मॅकोर्टचे ‘अँजेलाज अ‍ॅशेस’ हे लिमरिक शहरातील गल्ल्यांचे आत्मकथन १९९६ साली आले. भूक, दारुडा बाप, मेलेली भावंडे, धर्मादाय संस्थेच्या दारातील अपमान हे सारे त्याने मांडले. पुस्तकाला पुलित्झर पारितोषिक मिळाले. पण लिमरिकमधील कित्येकांनी त्याने शहराची बदनामी केल्याचा आरोप केला. आपल्या वाचकांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. दलित आत्मकथने येऊ लागली तेव्हा घरची लक्तरे वेशीवर कशाला टांगता, असे आपल्याच शिकलेल्या माणसांनीही विचारले होते. लक्तरे कुणी केली हा प्रश्न मात्र त्यांना पडला नाही.

परंतु माझा खरा आक्षेप याच्याही पुढचा आहे. डब्लिनच्या उत्तर भागात माँटो नावाचा वेश्यावस्तीचा भाग होता. १९२५ साली पोलिसांनी धाड घालून तो मोडला. तेथील स्त्रियांविषयी टेनेमेंटमधील म्हातारी माणसे कणवेने बोलतात. त्या पोरी अभागी, पण दिलदार होत्या, असे सांगतात. ही कणव खरी आहे. मग त्याच भागातील, आज शॉन मॅकडरमॉट स्ट्रीट म्हणतात त्या रस्त्यावरील दाराचे काय? तेथे जोगिणींच्या ताब्यातील मॅग्डालेन धोबीखाना होता. लग्नाआधी आई झालेल्या, अनाथ, घरच्यांना वा समाजाला नकोशा झालेल्या मुली अशा धोबीखान्यांत कोंडल्या जात आणि त्यांच्याकडून विनावेतन कपडे धुऊन घेतले जात. सरकारी अहवालानुसार १९२२ पासून सुमारे १०,००० स्त्रिया या संस्थांतून गेल्या. शॉन मॅकडरमॉट स्ट्रीटवरचा धोबीखाना देशातील शेवटचा. तो १९९६ साली बंद झाला. पंतप्रधानांनी माफी मागितली ती २०१३ साली.

कुणाचे दार कुणाला बंद नव्हते म्हणणाऱ्या रस्त्यावर हे दार बंद होते. त्याची किल्ली चर्चकडे होती, सरकारकडेही होती. पण अब्रूच्या भीतीने मुलीचा हात धरून तिला तेथवर नेणारे कित्येकदा घरचेच असत. पालावर राहणारे आयरिश भटके, ज्यांना सरकारने २०१७ साली स्वतंत्र वांशिक समूह म्हणून मान्यता दिली, त्यांनाही या मायेच्या शेजारात जागा नव्हती. तेव्हा वस्तीची आठवण वाचताना दोन प्रश्न विचारले पाहिजेत. ही माया कोणाच्या श्रमावर उभी होती? आणि तिच्या परिघाबाहेर कोण उभे होते?

आपल्या आणि त्यांच्या अनुभवात फरक आहे, तो विसरून चालणार नाही. डब्लिनच्या अंगणातील एकाच नळावर सारे पाणी भरत. आपल्याकडे पाण्यासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला. त्यांची वस्ती दारिद्र्याने एकत्र आणली. आपली जातीने गावाबाहेर टाकली. म्हणून त्यांच्या समीक्षेचे माप आपल्याला जसेच्या तसे लागणार नाही. पण वरचे दोन प्रश्न लागतील.

मी वस्तीतून शिकून कॉलेजात शिकवू लागलेली, घरातली पहिली पदवीधर. वर्गात मी माझ्या वस्तीविषयी बोलते तेव्हा एका पातेल्यातली भाजी चार घरांत कशी जाई, ते रंगवून सांगते. आमच्या गल्लीच्या टोकाला एक बाई एकटी राहत असे. तिच्या घरी हळदीकुंकवाचे बोलावणे जात नसे, आणि आमच्या घरातलीही भाजी तिच्या दारात कधी गेली नाही. मी ते का विचारले नाही? मी लहान होते हे उत्तर आता पुरत नाही. आजवर मी तिच्याविषयी एक ओळ लिहिलेली नाही.

प्रस्थापितांनी आपल्या आठवणी पुसल्या, म्हणून आपण त्या लिहितो. त्या लिहिताना आपणच कुणाला पुसत नाही ना, हे पाहण्याची बांधिलकीही आपलीच आहे. वस्तीवर प्रेम असणाऱ्यानेच हे करावयाचे आहे. बाहेरच्याला ते जमणार नाही.