अठ्ठावीस गोळ्यांची रचना

रसग्रहण कवितेचे होते, कथेचे होते, बंदिशीचेही होते. सरकारी दवाखान्यात मोफत मिळणाऱ्या ‘माला-एन’च्या पाकिटाचेही ते व्हायला हवे. त्यात 21 पांढऱ्या आणि 7 तपकिरी अशा अठ्ठावीस गोळ्या असतात, आणि कोणती कोणत्या क्रमाने घ्यायची ते बाणांनी दाखवलेले असते. एवढ्याशा जागेत इतका अर्थ भरलेल्या रचना मी फार थोड्या पाहिल्या आहेत.

आधी आशय पाहू. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस ठरावीक अंतराने एका संप्रेरकाचे ठोके सोडतो. ते ओळखून पिट्युटरी ग्रंथी एफएसएच आणि एलएच ही दोन संप्रेरके रक्तात पाठवते. एफएसएचमुळे अंडाशयातली एक पुटिका वाढते आणि तिच्यातून इस्ट्रोजेन झरू लागते. इस्ट्रोजेन पुरेसे वाढले की एलएचची एकदम उसळी येते आणि बीज बाहेर पडते. मागे उरलेली पुटिका मग प्रोजेस्टेरॉन बनवते, आणि हे प्रोजेस्टेरॉन मेंदूला कळवते, की काम झाले, आता दुसरे बीज नको. पाळीचक्राच्या उत्तरार्धात आणि गरोदरपणात दुसरे बीज सुटत नाही ते यामुळेच.

गोळीचा सगळा आशय या एका निरोपात आहे. ती शरीरावर परका नियम लादत नाही. शरीर जे महिन्याच्या उत्तरार्धात स्वतःच म्हणते, ते ती पहिल्या दिवसापासून म्हणते.

प्रत्येक पांढऱ्या गोळीत 0.15 मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि 0.03 मिलिग्रॅम एथिनिल इस्ट्रॅडिऑल असते. पहिले म्हणजे प्रोजेस्टेरॉनचे कृत्रिम रूप, प्रोजेस्टिन; दुसरे इस्ट्रोजेनचे. मुख्य काम पहिल्याचे. हायपोथॅलॅमसचे ठोके त्याने मंदावतात, एलएचची उसळी येत नाही. शिवाय गर्भाशयाच्या मुखाशी असलेला स्राव इतका घट्ट होतो, की शुक्रजंतूंना वाट मिळणे कठीण होते. दुसरे द्रव्य एफएसएचला आवर घालते, म्हणून पुटिका मोठी होत नाही. ते गर्भाशयाचे अस्तरही सांभाळते, म्हणून मधेच डाग पडणे कमी होते. एकाचे उणे दुसरे भरून काढते.

यात रसायनशास्त्राची एक सुंदर जागा आहे. नैसर्गिक इस्ट्रोजेन तोंडाने घेतले तर यकृत त्याचा बहुतेक भाग रक्ताभिसरणात पोचण्याआधीच मोडून टाकते. 1938 साली बर्लिनच्या शेरिंग कंपनीत इनहॉफेन आणि होलवेग यांनी त्या रेणूच्या सतराव्या कार्बनवर दोन कार्बन अणूंचा एक लहानसा गट जोडला, आणि असा तयार झालेला एथिनिल इस्ट्रॅडिऑलचा रेणू यकृताच्या तडाख्यातून बराचसा वाचू लागला. लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या अंगावरही हाच गट आहे. रोज एक गोळी पुरते, त्यामागे एवढीशी जोडणी आहे.

संक्षेपही सहज आलेला नाही. अमेरिकेत 1960 साली गर्भनिरोधक म्हणून मान्यता मिळालेल्या एनोव्हिडच्या गोळीत जवळजवळ 10 मिलिग्रॅम प्रोजेस्टिन आणि 0.15 मिलिग्रॅम इस्ट्रोजेन होते. रेणू वेगळे असल्याने तुलना सरळ नाही, तरी आजची मात्रा किती खाली आली ते यातून दिसते. त्या गोळीच्या मोठ्या चाचण्या 1956 पासून प्वेर्तो रिकोतल्या गरीब वस्त्यांतल्या बायकांवर झाल्या. आपण प्रयोगात आहोत हे त्यांना नीट सांगितले गेले नव्हते, आणि मळमळ, चक्कर, डोकेदुखीच्या त्यांच्या तक्रारी हलक्यात घेतल्या गेल्या. आजच्या सौम्य गोळीचे श्रेय शास्त्रज्ञांइतकेच त्या बायकांना द्यायला हवे.

आता सात तपकिरी गोळ्या. त्यांत गर्भनिरोधक काहीच नाही, लोह आहे. संप्रेरके थांबली की आधार गेलेले अस्तर सुटते आणि रक्तस्राव होतो. हा स्राव पाळीसारखा दिसतो, पण त्याआधी बीज सुटलेले नसते. वैद्यकीय दृष्टीने तो दरमहा व्हायलाच हवा असे नाही. पाळी नेहमीसारखी येते आहे हा दिलासा बाईला मिळावा, म्हणून तो रचनेत आला. आणि 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ज्या देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, तिथे त्या रिकाम्या आठवड्यात लोह ठेवणे ही मला या रचनेतली सर्वांत मायेची ओळ वाटते.

सर्वांत नाजूक जागाही हीच. या सात दिवसांत एफएसएच पुन्हा वाढू लागते, पुटिका जागी होते. नव्या पाकिटातली पहिली पांढरी गोळी तिला वेळेत थांबवते. ती दोन-तीन दिवस लांबली तर बीज सुटू शकते. म्हणून विसरायला सर्वांत धोक्याची गोळी ती, पाकिटाच्या मधली नव्हे. एक गोळी चुकली तर आठवताच घ्यावी. दोन किंवा जास्त चुकल्या तर सलग सात पांढऱ्या गोळ्या होईपर्यंत निरोध वापरावा. तिसऱ्या आठवड्यात असे झाले, तर तपकिरी गोळ्या सोडून थेट नवे पाकीट सुरू करावे.

गुणांबरोबर मर्यादाही वाचायला हव्यात. या गोळीने शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. पस्तिशीपुढे धूम्रपान करणारी, उच्च रक्तदाबाची, डोळ्यांपुढे झगमगत्या रेषा येऊन अर्धशिशी उठणारी, नुकतीच बाळंत होऊन अंगावर पाजणारी, अशा स्त्रीसाठी ही गोळी नाही. क्षयावरच्या रिफाम्पिसिनने तिचा परिणाम घटतो. एचआयव्हीपासून ती वाचवत नाही.

अचूक घेतली तर वर्षभरात हजारांत तिघींना गर्भ राहतो. प्रत्यक्ष वापरात शंभरात सातजणींना. हे अंतर मुख्यतः वाचनाचे आहे. तपकिरी गोळ्या कशासाठी, नवे पाकीट त्याच दिवशी का, हे जिला कुणी सांगितलेच नाही, तिच्यावर विसराळूपणाचा ठपका ठेवणे अन्यायाचे आहे. र. धों. कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवले, ते या विषयातले ज्ञान उघडपणे लोकांच्या हाती जावे म्हणून. 1953 साली ते गेले. ही गोळी त्यांनी पाहिली नाही. पण त्यांचा आग्रह तिलाही लागू आहे: पाकीट देणाऱ्याने त्याचा अर्थही द्यायला हवा, कारण तो कळला तरच गोळी घ्यायची की नाही हा निर्णय खऱ्या अर्थाने त्या बाईचा होतो.