कोण कोणाचं ऐकतंय?

कुठल्याही म्युझिक ॲपवर 'केल्टिक' एवढाच शब्द शोधून बघा. धुक्यातला डोंगर, हिरवं कुरण, पडका किल्ला अशी चित्रं येतात आणि त्यांच्याखाली 'अभ्यासासाठी', 'झोपेसाठी', 'ध्यानासाठी' अशा प्लेलिस्ट. आत एक बासरी असते, न कळणाऱ्या भाषेत एक बाई गात असते आणि तळाशी आफ्रिकी ढोल नाहीतर तबला एकाच चालीत वाजत राहतो. 'वर्ल्ड फ्युजन' म्हणून हे खपतं. ऐकायला वाईटही नसतं. माझी तक्रार एवढीच, की त्यात कोणीच कोणाचं ऐकत नसतं. तबला कधी थांबत नाही, गाणारी कधी त्याच्यासाठी श्वास रोखत नाही.

यावर दोन तयार उत्तरं मिळतात. एक, परंपरा शुद्ध ठेवा, मिसळूच नका. दुसरं, संगीताला सीमा नसतात, काहीही चालतं. मला दोन्ही पटत नाहीत.

शुद्धतेचं उत्तर तर इतिहासातच टिकत नाही. आज आयरिश संगीताच्या बैठकीत बुझुकी दिसली तर कोणाला नवल वाटत नाही. पण हे ग्रीसचं वाद्य. जॉनी मॉयनिहन याने ते साठच्या दशकात आयरिश संगीतात आणलं, त्याच्या तारा वेगळ्या लावल्या, आणि पुढे अँडी अर्विन आणि डोनल लनी यांनी 'प्लँक्स्टी' या बँडमधून ते घरोघरी पोचवलं. आपल्या पेटीसारखीच ही गोष्ट. युरोपातून आलेल्या पेटीला आकाशवाणीवर १९४० पासून तीसेक वर्षं बंदी होती. आज भजनी मंडळ तिच्याशिवाय बसत नाही.

अर्विनने आणखी एक उद्योग केला. साठच्या दशकाच्या शेवटी तो बाल्कन देशांत भटकला आणि तिथल्या विषम मात्रांच्या चाली घेऊन परतला. रूपकाच्या सात मात्रा ज्यांच्या कानात आहेत त्यांना या चाली परक्या वाटणार नाहीत. सरळ चालीच्या नाचावर वाढलेल्या आयरिश वादकाला मात्र त्या अडखळायला लावतात. हे अडखळणं मला महत्त्वाचं वाटतं. १९९२ मध्ये अर्विन आणि पाइपवादक डेव्ही स्पिलेन यांनी बल्गेरिया-मॅसेडोनियाच्या संगीतावर 'ईस्ट विंड' हा अल्बम केला. त्याचा निर्माता होता बिल व्हेलन. दोन वर्षांनी डब्लिनच्या युरोव्हिजन स्पर्धेच्या मध्यंतरात 'रिव्हरडान्स' सादर झालं, त्याचा संगीतकारही हाच. जगाने 'अस्सल आयरिश' म्हणून ज्याला टाळ्या दिल्या, त्याच्या लयीत बाल्कनची माती होती.

मग दुसरं उत्तर बरोबर का? काहीही चालतं का?

'ॲफ्रो केल्ट साउंड सिस्टिम' हे नाव इथे टाळता येत नाही. सायमन एमर्सन सेनेगलच्या बाबा माल याच्याबरोबर काम करत असताना त्याला एक आफ्रिकी धून आयरिश धुनेसारखी वाटली, आणि तिथून हा बँड उभा राहिला. पहिला अल्बम १९९६चा, पीटर गेब्रियलच्या 'रिअल वर्ल्ड' कंपनीचा. मला हा बँड आवडतो, पण अर्धाच. रील हा मुळात नाचाचा प्रकार, चार ठोक्यांत बसणारा. त्याच्याखाली क्लबचा बीट घातला की दोघेही खूश. त्यांचं 'व्हर्ल-य-रील' आजही पाय हलवतं. अडचण होते ती ईअर्ला ओ लिनार्ड गायला लागल्यावर. तो 'शान-नोस' गातो. या शब्दांचा अर्थच 'जुनी रीत'. साथ नाही, ठोका नाही, एकटा आवाज शब्दाच्या वजनाने पुढे जातो, एखाद्या स्वरावर हरकत घेऊन रेंगाळतो. त्याच्याखाली मशीनचा ठोका ठेवला की रेंगाळण्याची जागाच जाते. लय गाणाऱ्याच्या हातातून सुटून संगणकाकडे जाते आणि एवढा मोठा गायक अत्तरासारखा वरून शिंपडला जातो. बीट जिथे मागे सरतो तिथेच हा बँड मला थोर वाटतो.

उलट उदाहरण वेल्सचं. कॅट्रिन फिंच हार्प वाजवते, सेकू केटा कोरा. फिंचच्या कॉन्सर्ट हार्पला ४७ तारा आणि सात पेडलं. पाय दाबला की स्वर बदलतो. केटा सेनेगलच्या कासामान्स भागातला, त्याच्या कोराला २२ तारा. अर्ध्या भोपळ्यावर कातडं ताणलेलं, आणि दोन्ही हातांचे फक्त अंगठे आणि तर्जन्या तारांवर. कोरा एका सप्तकात लावला की वाजवता वाजवता तो सहज बदलत नाही. म्हणजे ज्या वाद्याकडे जास्त सोयी आहेत त्याने कमी सोयींच्या वाद्याच्या घरी जेवायला जायचं. फिंच तेच करते. मोठं वाद्य असून ती कितीतरी वेळ नुसती भरणी करते, कोराला बोलू देते, मग केटा तिच्यासाठी जागा सोडतो. दोघांच्या मागे राजे-सरदारांच्या वंशावळी गाणारी परंपरा आहे, वेल्समध्ये बार्ड, पश्चिम आफ्रिकेत ग्रियो. पण या साम्याचा ते गवगवा करत नाहीत. २०१८चा 'सोअर' ऐका. वेल्समध्ये घरटं बांधून हिवाळ्यात पश्चिम आफ्रिकेला जाणाऱ्या ऑस्प्रे या शिकारी पक्ष्याभोवती तो गुंफला आहे. सोबत ढोल नाहीत, बीट नाही. डोळे मिटून ऐकलं तर काही जागी कुठली तार कोणाची, हे मला अजून सांगता येत नाही.

तरीही समोरासमोर बसलेल्या दोघांचा प्रश्न त्या मानाने सोपा. नको असेल तर दुसरा उठून जाऊ शकतो. ज्याचा आवाज फक्त टेपवर उरला आहे, त्याने काय करायचं?

म्हणून माझ्या लेखी या सगळ्यात सर्वांत अवघड अल्बम म्हणजे मार्टिन बेनेटचा 'ग्रिट', २००३चा. बेनेट स्कॉटिश पाइप आणि फिडल वाजवायचा. २००० मध्ये त्याला कर्करोगाचं निदान झालं. वाजवता येईना, त्या संतापात त्याने आपली वाद्यं फोडली. उरला संगणक आणि जुनी ध्वनिमुद्रणं. स्कॉटलंडच्या 'ट्रॅव्हलर' या भटक्या समाजातल्या गायिकांचे आणि गेलिक गाणाऱ्यांचे आवाज घेऊन त्याने त्याखाली क्लबचे कर्कश बीट रचले. वर ज्या गोष्टीवर मी टीका केली, नेमकी तीच. मग इथे ती का चालते?

एक कारण कानाचं. 'मूव्ह' या ट्रॅकमध्ये शीला स्टुअर्टचा आवाज येतो. ती स्वतः ट्रॅव्हलर, आणि गाणं आहे भटक्यांना प्रत्येक ठिकाणाहून हुसकावलं जाण्याचं. बेनेट तिचा आवाज गोड करत नाही, मागे ढकलत नाही. त्यातला खरखरीतपणा तसाच पुढे ठेवतो आणि बीटला त्याच्याशी झुंजायला लावतो. गाणं कोणाचं आहे याबद्दल संशय राहत नाही.

दुसरं कारण नात्याचं. बेनेटची आई मार्गारेट बेनेट लोकसाहित्याची अभ्यासक आणि गायिका. ट्रॅव्हलर गायकांची ध्वनिमुद्रणं जिथे जपली गेली, त्या एडिंबराच्या 'स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज'मध्ये ती काम करायची. हे आवाज बेनेटला इंटरनेटवर सापडलेले नव्हते. तो त्या गाण्यांतच वाढला होता. जानेवारी २००५ मध्ये, तेहतिसाव्या वर्षी तो गेला. दहा वर्षांनी ग्लासगोत मोठ्या ऑर्केस्ट्राने 'ग्रिट' जिवंत वाद्यांवर सादर केला.

नातं असलं की सगळं माफ, असं मी म्हणत नाही. टेपवरच्या बाईला कोणी विचारलं होतं का, हा प्रश्न 'ग्रिट'लाही लागू आहे. पण आवाजाच्या मालकिणीचं नाव, तिचा समाज, तिचं दुखणं ऐकणाऱ्यापर्यंत पोचतं का, हे तरी आपण तपासू शकतो.

आणि हे फक्त स्कॉटलंडचं प्रकरण नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या कितीतरी आज ऑनलाइन ऐकता येतात, गाणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावासकट. उद्या तुमच्यापैकीच कोणीतरी लॅपटॉपवर त्यातली एखादी ओवी उचलेल, खाली बीट टाकेल. टाकावाच, मला ते ऐकायचं आहे. फक्त जात्याची घरघर आणि बाईचा थकलेला श्वास 'नॉइज' समजून पुसण्याआधी दोनदा ऐका. ओवीची लय त्या घरघरीतूनच आलेली असते.