मारण्याआधी अडवणं

भाट्याच्या प्रादेशिक नारळ संशोधन केंद्राने कोकणात ‘लाखी बाग’ रुजवली. माडांच्या सावलीत दालचिनी, जायफळ, मिरी अशी तिची लागवड. यातली दालचिनी मोठी गमतीची. तिच्या सालीत सिनॅमाल्डिहाइड, तर पानांत मुख्यतः युजेनॉल, म्हणजे लवंगेला वास देणारा रेणू. जायफळात मिरिस्टिसिन. हे तिन्ही रेणू फिनाइलप्रोपनॉइड या एकाच कुळातले. या कुळातले १३ रेणू नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात मोहन करुप्पयिल यांच्या गटाने कॅन्डिडा अल्बिकन्स या यीस्टवर तपासून पाहिले. तो शोधनिबंध २०१४ साली ‘जर्नल ऑफ मायक्रोबायॉलॉजी अँड बायोटेक्नॉलॉजी’त प्रसिद्ध झाला. शोधनिबंध आपण निष्कर्षासाठी चाळतो. हा मात्र त्याच्या रचनेसाठी वाचावा.

कॅन्डिडा एरवी आपल्या तोंडात, आतड्यात मुकाट नांदतं. प्रतिकारशक्ती ढासळली, कॅथेटर किंवा कवळीसारखा परका पृष्ठभाग मिळाला, की त्याचं वागणं बदलतं. आधी ते चिकटतं, मग गोल पेशींतून लांब तंतू काढतं, तंतूंची जाळी विणतं आणि स्वतःच स्रवलेल्या चिकट द्रव्यात दडून बसतं. हीच बायोफिल्म. त्या द्रव्यातलं ग्लुकान फ्लुकोनॅझोल या बुरशीरोधक औषधाला वाटेतच धरून ठेवतं. जे औषध आत पोचतं, त्यातलं काही पेशींच्या पडद्यावरचे पंप बाहेर फेकतात. सुट्या पेशींना पुरणारी मात्रा इथे निष्प्रभ ठरते.

शोधनिबंध यीस्टच्या याच पायऱ्यांनी चालतो. वाढ, चिकटणं, तंतू काढणं, बायोफिल्म उभारणं आणि शेवटी मुरलेली बायोफिल्म. प्रत्येक पायरीवर त्याच १३ रेणूंची वेगळी परीक्षा. मिलिलिटरला ०.५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेत ६ रेणूंनी वाढ थोपवली आणि त्यांतल्या चौघांनी पेशी मारल्याही. तंतू मात्र ७ रेणूंनी रोखले, तेही ०.०३१ ते ०.५ मिलिग्रॅममध्ये. चिकटणं थांबवायला ०.५ ते २ मिलिग्रॅम लागले. बायोफिल्मची उभारणी किमान सहांनी लक्षणीय रोखली. मुरलेली बायोफिल्म चौघांपुढे नमली.

हे आकडे सुटे वाचले तर नुसती गुणपत्रिका. शेजारी ठेवून वाचले की त्यांतून काही उलगडतं. वाढ थोपवणारे ६, तंतू रोखणारे ७. म्हणजे निदान एक रेणू असा, जो त्या मात्रेत यीस्टला वाढू देतो पण तंतू काढू देत नाही. जगणं आणि उपद्रव या दोन गोष्टी इथे वेगळ्या होतात. शिवाय चिकटणं थांबवण्यापेक्षा तंतूंत होणारं रूपांतर अडवणं सोपं, हेही दिसतं. यीस्टची दुखरी नस कुठे आहे, ते लेखकांनी विशेषणांवाचून दाखवलं.

मोजण्याची पद्धतही दाद देण्याजोगी. एक्सटीटी चाचणी जिवंत पेशींचा चयापचय मोजते, तर क्रिस्टल व्हायोलेटचा जांभळा रंग मेलेल्या-जिवंत सगळ्या थराला चढतो. पेशी मेल्या तरी थर तसाच चिकटून राहू शकतो. म्हणून दोन्ही चाचण्या, आणि खात्रीसाठी सूक्ष्मदर्शक.

एक शब्द मात्र खटकतो. ०.५ मिलिग्रॅम ही मात्रा लेखकांना ‘कमी’ वाटते. ते ५०० मायक्रोग्रॅम झाले. अमेरिकी मानकांनुसार, फ्लुकोनॅझोल मिलिलिटरला ८ मायक्रोग्रॅम लागलं तरी ते अल्बिकन्स औषधाला जुमानत नाही असं धरतात. शिवाय हे सगळं घडलं प्रयोगशाळेतल्या तबकडीत. रक्तात एवढी मात्रा टिकेल का, यकृताला झेपेल का, हे प्रश्न पुढच्या प्रयोगांचे. तेव्हा लवंग-दालचिनीचा काढा म्हणजे यीस्टवरचं औषध, असा अर्थ यातून कोणी काढू नये.

लेखकांनीही तो काढलेला नाही. मुरलेली बायोफिल्म हरवणारे ४ रेणू हाताशी असताना उपचाराचा डंका पिटता आला असता, पण समारोपात ते बोलतात प्रतिबंधाबद्दल. त्यांच्याच आकड्यांना धरून हे आहे. बायोफिल्म एकदा मुरली की पर्याय चारांवर येतात, त्याआधी तंतूंच्या पायरीवर गाठलं तर सात. म्हणून या शोधनिबंधाचं खरं देणं त्या सातांत आहे, आणि कॅथेटरचा पृष्ठभाग घडवणाऱ्यांनी तो आधी वाचायला हवा.