महाकाली दरवाजा काय सांगतो?

मराठीतील दुर्गलेखनाची फूटपट्टी कोकण-सह्याद्रीत तयार झाली. १६६४ साली सुरू झालेल्या सिंधुदुर्गाचा दरवाजा बुरुजांच्या आड असा दडवला आहे की, शत्रूला तो जवळ आल्याशिवाय सापडू नये. दडलेला दरवाजा तो उत्तम दरवाजा, हा निकष तिथून आला. तो घेऊन अकोट तालुक्यातील नरनाळ्यावर गेलो तर महाकाली दरवाजा निव्वळ शोभेचा ठरतो. हा निकालच मला मान्य नाही.

पांढरट वालुकाश्म, कमळे, दोन्ही अंगांना सज्जे आणि वर कोरलेली अरबी-फारसी अक्षरे: हा दरवाजा लपत नाही, समोर येऊन बोलतो. शिलालेख १४८७ चा. त्यात बहमनी सुलतान महमूदशहाचे नाव आहे आणि बांधविता आहे फतहुल्ला इमादुल्मुल्क. अवघ्या तीन वर्षांनी, १४९० मध्ये, हाच फतहुल्ला वऱ्हाडात स्वतंत्र झाला.

मग ही निष्ठा ढोंगी होती का? मला तसे वाटत नाही. महमूद गावानने वऱ्हाडाचे गाविल आणि माहूर असे दोन तुकडे करून सुभेदारांचे बळ छाटले होते. १४८१ मध्ये गावानची हत्या झाली, पाठोपाठ अल्पवयीन महमूदशहा गादीवर आला. अशा वेळी सुलतानाच्या नावाशिवाय गड मजबूत करणे म्हणजे उघड बंडच. सुलतानाचे नाव हा बांधकामाचा परवाना होता. अक्षरे बिदरचे नाव घेतात, दगडाचा थाट मात्र सुभेदाराचा नव्हे, राजाचा आहे.

याच्या जोडीला चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडावरचे गंडभेरुंड पाहावे. फतहुल्ला मूळचा विजयनगरचा, असे फेरिश्ता सांगतो. त्यावरून हे शिल्प त्याच्या जन्मभूमीची आठवण ठरवले जाते. पण कर्नाटकातल्या बळ्ळिगावीचा भेरुंडस्तंभ १०४७ चा, म्हणजे विजयनगराच्या स्थापनेच्याही आधीचा. तेव्हा या चिन्हाला एका माणसाच्या चरित्राचा आधार लागत नाही. दख्खनमध्ये सत्ता कशी दाखवायची याची ती जुनी, धर्माच्या सीमा ओलांडणारी भाषा होती.

१५ डिसेंबर १८०३ रोजी वेलस्लीच्या फौजेने गाविलगड घेतला. तेवढ्या एका दिवसावरून वऱ्हाडच्या दुर्गांचे मोल ठरवणे अन्यायाचे आहे. त्यांची तटबंदी लढण्यासाठी होती, दरवाजे राज्य मागण्यासाठी.