आवडता प्राणी आणि ओळखीचा प्राणी

प्राथमिक शाळेतील निबंधाचा विचार आपल्याकडे वाङ्मयीन विचार म्हणून क्वचितच होतो. तो शिक्षकांचा, फार तर परीक्षकांचा प्रांत, अशी आपली समजूत. वस्तुतः मूल चार वाक्ये प्रथमच स्वतः जुळवून लिहिते, तेव्हापासूनच त्याचे गद्य घडू किंवा बिघडू लागते. आणि ही चार वाक्ये पुष्कळदा एखाद्या प्राण्यावरची असतात. तेव्हा 'माझा आवडता प्राणी' या विषयाकडे टीकाकाराने थोडे लक्ष दिले, तर ते अस्थानी ठरू नये.

या निबंधाचा साचा सर्वांच्या परिचयाचा आहे. प्राणी बहुधा गाय, कुत्रा, नाहीतर सिंह. त्याला चार पाय, दोन डोळे आणि एक शेपूट असते. तो अमुक खातो, त्याचा अमुक उपयोग होतो, म्हणून तो मला फार आवडतो. सिंह असला तर तो जंगलाचा राजा असतोच. हा निबंध मुंबईत लिहिला काय आणि अंजनगाव सुर्जीत लिहिला काय, अक्षराचाही फरक पडत नाही. दुखणे आहे ते नेमके येथे.

इतिहासाच्या पुस्तकात अंजनगाव सुर्जी येते ते ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात झालेल्या तहामुळे. त्या गावातल्या मुलाला मात्र तहापेक्षा पानमळे अधिक ओळखीचे. पानपिंपळी आणि केळी यांच्या या मुलखात वानरांच्या टोळ्या येतात. तुरीत आणि हरभऱ्यात रोही शिरतात. रानडुकरे रातोरात वावर उकरून ठेवतात. बांधावर सातभाईंचा कलकलाट, पडीक जमिनीवर टिटवी, कुंपणाशी मुंगूस. उत्तरेला सातपुड्याच्या रांगेत मेळघाट आहे. १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, तेव्हा देशातून निवडलेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी ते एक. उलट रानातला सिंह भारतात उरला आहे तो एका गुजरातेत. असे असता या मुलाच्या वहीत सिंह येतो आणि रोही येत नाही, हे कशामुळे?

कारणे दोन दिसतात. पहिले जुने आहे. १८२८ साली सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी इसपनीतिकथा मराठीत आणल्या, आणि शाळेतला प्राणी तेव्हापासून तात्पर्याच्या दावणीला बांधला गेला. कोल्हा लबाड, गाढव मूर्ख, सिंह राजा. पंचतंत्राचा वारसा तर आधीचाच होता. या कथांची गोडी कोणी नाकारणार नाही. पण त्यांतला कोल्हा हा कोल्हा नव्हे, तो कोल्ह्याचे कातडे पांघरलेला माणूस आहे. दुसरे कारण शहरी आहे. छापील बालसाहित्य बव्हंशी मुंबई-पुण्यात निपजले, आणि मुंबईच्या मुलाला हत्ती-वाघ भेटले ते राणीच्या बागेत. विंदा करंदीकरांचा 'राणीची बाग' हा १९६१ चा संग्रह याच जगातला. कवितेच्या लीलेत हे शोभून दिसते. विंदांना तेथे प्राणिशास्त्र शिकवायचे नव्हतेच. परंतु कवितेला जे स्वातंत्र्य शोभते ते गद्याला पुरत नाही. गद्याला पाहिलेली वस्तू लागते.

आणि मराठी गद्याला ही दृष्टी नाही, असे तर मुळीच नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या रिद्धपुराशी ज्याचे नाव जोडलेले आहे, त्या लीळाचरित्रात शिकाऱ्यांपुढून पळालेला ससा चक्रधरस्वामींच्या आश्रयाला येतो, तो खराखुरा ससा आहे. कुठल्या गुणाचे रूपक नाही. अलीकडे व्यंकटेश माडगूळकरांनी 'सत्तांतर' (१९८२) मध्ये वानरांच्या टोळीतील सत्तेची झुंज लिहिली. वनखात्यात आयुष्य वेचलेल्या मारुती चितमपल्लींनी (१९३२–२०२५) पक्ष्यांची ठिकठिकाणची नावे गोळा करून ती ग्रंथात आणली. प्रौढांसाठी जी वाट एवढी रुळली आहे, ती प्राथमिक शाळेच्या दाराशी येऊन का थांबावी?

माझ्या मते अडचण 'आवडता' या शब्दात आहे. हा शब्द मुलाला लिहिण्यापूर्वीच एक भावना ठरवून देतो. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या मुलाला रोही आवडत नाही. रोह्यांसाठी त्याचा बाप थंडीत जागलीला जातो, आई जुन्या लुगड्यांचे कुंपण वावराभोवती बांधते. परंतु न आवडणाऱ्या या जनावराची त्याला जितकी माहिती असते, तितकी लाडक्या कुत्र्याचीही नसते. नर काळसर निळा आणि मादी भुरकी, हे त्याने पाहिलेले असते. नराच्या गळ्याखालचा केसांचा झुबका त्याला ठाऊक असतो. रोही पुन्हापुन्हा एकाच जागी लेंड्या टाकतात, हेही ठाऊक असते. समजा, त्याने वहीत लिहिले, 'रोही आले का माहा बाप टिन वाजवते. रोही पयते, मंग थांबते आन् मांगं पायते.' या दोन ओळींत कृती आहे, क्रम आहे, आणि थांबून मागे पाहणारे एक जनावर डोळ्यांपुढे उभे आहे. 'सिंह हा जंगलाचा राजा आहे' या वाक्यात यांपैकी काय आहे?

येथे दोन आक्षेप येतील. पहिला भाषेचा. 'रोही' खोडून 'नीलगाय' लिहावे, असे प्रमाणभाषेचा अभिमानी सांगेल. पण ते जनावर गाय नव्हे, कुरंग आहे; आणि मादी निळी नसते. म्हणजे पुस्तकी नाव दोन ठिकाणी चुकते, आणि बोलीतले नाव निदान दिशाभूल तरी करीत नाही. मुलाला प्रमाण रूपे शिकवावीत, क्रियापदे सुधारावीत. परंतु नाम सुधारताना शिक्षकाने लाल शाई जपून वापरावी. नाव गेले की त्याला चिकटलेली पाहणीही जाते. मेळघाटातल्या कोरकू मुलाच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. त्याची मातृभाषा मराठीची बोलीही नव्हे. ती मुंडा कुळातली निराळी भाषा. वाघाला तो 'कुला' म्हणतो. मराठी निबंधात त्याने 'कुला' हा शब्द ठेवला, तर मराठीचे काही बिघडणार नाही. उलट तिची श्रीमंती वाढेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पिकाच्या नासाडीवर मुलांना लिहायला लावले, तर वन्यप्राण्यांविषयी द्वेषच रुजेल, असे कोणी म्हणेल. मला हे भय खरे वाटत नाही. द्वेष पोसला जातो तो अर्धवट पाहण्यावर. ज्याने रोह्याच्या वाटा पाहिल्या, तो केव्हा तरी ते रानातून वावरात का उतरते, हेही विचारणार. उलट 'वाघ वाचवा, निसर्ग वाचवा' अशी घोषणा पाठ करून लिहिलेला निबंध हा जुन्या साच्याचाच नवा अवतार आहे. त्यात तात्पर्य तेवढे बदलले. प्राणी अजूनही दिसत नाही.

लिहून ठेवण्याचे मोल काय, हे रानपिंगळ्याने शिकवले आहे. १८८४ नंतर या लहानशा घुबडाची खात्रीलायक नोंद नव्हती. तो नामशेष झाला असेच धरले गेले. १९९७ साली, ११३ वर्षांनी, शहाद्याजवळ तो पुन्हा दिसला, आणि पुढे मेळघाटातही आढळला. विशेष असे, की हा पिंगळा दिवसाउजेडी वावरणारा. तो नोंदीत नव्हता, म्हणजे झाडावर नव्हता असे नव्हे. मराठी मुलांच्या निबंधातून जे प्राणी गायब आहेत, त्यांचेही असेच आहे.

उपाय खर्चाचा नाही. तिसरीच्या परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्ह्याजिल्ह्याचे निराळे काढण्याचा शहाणपणा आपण दाखवलेला आहे. तोच भाषेच्या तासाला दाखवावा. 'माझा आवडता प्राणी' याऐवजी 'माझ्या ओळखीचा प्राणी' असा विषय द्यावा. मुलाने आठ दिवस एकच प्राणी पाहावा आणि पाहिले तेवढेच लिहावे. टिटवी जवळ येणाऱ्याला चुकवण्यासाठी अंड्यांपासून दूर जाऊन ओरडते, हे एकाने पाहिले, तर तेवढे एक वाक्यही पूर्ण निबंध मानावे. तपासताना शिक्षकाने एकच प्रश्न विचारावा: हे वाक्य या मुलाखेरीज दुसऱ्या कोणी लिहिले असते काय? उत्तर 'नाही' असेल, तर शुद्धलेखनाच्या चार चुका पोटात घालून त्याला गुण द्यावेत.

अंजनगावच्या पानमळ्यातले वानर आणि तुरीतले रोही असे वहीत आले, तर त्यातून सारेच लेखक होणार नाहीत. तशी अपेक्षाही नाही. परंतु मराठीत जे लिहायचे ते आपण पाहिलेले असले तरी चालते, एवढा विश्वास घेऊन ती मुले पुढच्या वर्गात जातील.